निलगिरीच्या बाटलीत नेमके असते तरी काय?

पावसाळ्यात घरोघरी सर्दी-पडसे सुरू झाले की कपाटातली निलगिरीच्या तेलाची छोटी बाटली बाहेर येते. रुमालावर दोन थेंब, गरम पाण्याच्या पातेल्यात चार थेंब आणि डोक्यावरून पंचा घेऊन वाफ, हा उपचार आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घेतलेला आहे. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत तर वाफेचे हे पातेले दिवसातून तीन-तीन वेळा चुलीवर चढत होते. आता त्याच नावाने डास पळवणारे तेल, फरशी पुसण्याचे द्रव आणि सांधेदुखीवर चोळायचे मलमही विकले जाते, आणि प्रत्येकाच्या वेष्टनावर तेच लांबट, कोयतीसारखे वाकलेले पान छापलेले असते.

माझ्या टेबलावर अशा दोन बाटल्या ठेवलेल्या आहेत. टिपकागदाच्या दोन पट्ट्यांवर एकेक थेंब टाकून मी त्या हुंगून पाहिल्या. पहिलीचा वास थंडावा घेऊन थेट नाकात शिरतो, किंचित कापरासारखा. दुसरीच्या वासात तो थंडावा जवळजवळ नाहीच. तो लिंबाच्या सालीची आणि गवती चहाची आठवण करून देतो. दोन्ही बाटल्यांवर नाव ‘निलगिरी तेल’ असेच आहे. या दोन्हींपैकी एकही बनावट नसू शकते, आणि तरीही त्यांच्यातला मुख्य पदार्थ एक नाही. असे कसे होते आणि त्यामुळे आपल्याला काय फरक पडतो, हे समजून घेण्यासाठी आधी झाडाच्या पानाकडे जावे लागेल.

पान उजेडासमोर धरून पाहा

निलगिरीचे ताजे पान खिडकीच्या उजेडासमोर धरले तर त्यात असंख्य बारीक, पारदर्शक ठिपके दिसतात, जणू कोणी टाचणीने पान टोचून ठेवले आहे. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे तेलाने भरलेली एक सूक्ष्म पिशवी असते. पान बोटांत चुरगळले की या पिशव्या फुटतात आणि वास सुटतो. जांभूळ, पेरू आणि लवंग ही झाडे याच कुळातली आहेत. पेरूचे पान उजेडात धरले तरी असेच ठिपके दिसतात आणि जांभळाचे पान चुरगळले की टर्पेंटाइनसारखा वास येतो, तो याच कारणाने.

या पिशव्यांतला द्रव तेलासारखा दिसतो, परंतु शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाशी त्याचे रासायनिक नाते नाही. स्वयंपाकातले तेल हा स्निग्ध पदार्थ आहे. कागदावर पडले की त्याचा डाग कायमचा राहतो. निलगिरीचे तेल कागदावर पडले तर काही काळाने उडून जाते आणि कागद जवळजवळ पूर्ववत होतो. अशा उडून जाणाऱ्या सुगंधी तेलाला बाष्पनशील तेल म्हणतात. घरी करता येण्यासारखी एक ढोबळ परीक्षाही यातूनच मिळते: निलगिरीच्या तेलाचा थेंब सुकल्यावर कागदावर तुपकट डाग उरला, तर त्यात दुसरे एखादे साधे तेल मिसळले असण्याची शक्यता असते.

पानात हे तेल फार नसते. जातीनुसार १०० किलो ताज्या पानांतून साधारण अर्धा ते दोन किलो तेल निघते. काही निवडक वाणांत ते यापेक्षा जास्त असते.

पाच कार्बनचे मणी

निलगिरीचे तेल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. एका नमुन्यात सहज काही डझन संयुगे सापडतात. त्यांतली बहुतेक टर्पीन या एकाच घराण्यातली असतात, आणि या घराण्याची रचना समजायला सोपी आहे.

वनस्पती पाच कार्बन अणूंचा एक छोटा तुकडा तयार करते. त्याला आपण मणी म्हणू. असे दोन मणी ओवले की दहा कार्बनचा रेणू होतो, आणि तीन ओवले की पंधरा कार्बनचा. दहा कार्बनचे रेणू हलके असल्यामुळे लगेच उडतात आणि आपल्या नाकापर्यंत पहिल्यांदा पोहोचतात. पंधरा कार्बनचे रेणू जड असतात, मागे रेंगाळतात आणि तेलाच्या वासाला खालचा, लाकडासारखा सूर देतात. निलगिरीच्या तेलातला मोठा हिस्सा दहा कार्बनवाल्यांचा असतो. हेच मणी ओवून संत्र्याच्या सालीतले लिमोनीन बनते, चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनमधले पायनीन बनते आणि कापूरही बनतो. वास वेगवेगळे असले तरी कच्चा माल एकच आहे.

टर्पिनांच्या या गुंत्याची उकल करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बाटलीतला सर्वांत महत्त्वाचा पदार्थ त्यांच्याही अभ्यासात होता.

सिनिऑल: परडीच्या आकाराचा रेणू

नाकात शिरणारा तो थंडावा ज्या पदार्थाचा आहे, त्याचे नाव सिनिऑल. १८७० मध्ये क्लोएझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निलगिरीच्या तेलातून तो ओळखला आणि त्याला युकॅलिप्टॉल असे नाव दिले. पुढे वालाख यांनी किरमाणी ओव्याच्या जातकुळीतल्या एका कृमिनाशक वनस्पतीच्या तेलात सापडलेला पदार्थ आणि हा युकॅलिप्टॉल एकच असल्याचे १८८० च्या दशकात दाखवून दिले. सिनिऑल हे नाव त्या वनस्पतीच्या लॅटिन नावावरून आलेले आहे. म्हणजे निलगिरीची ओळख ठरलेल्या या पदार्थाचे आज रूढ असलेले नाव निलगिरीवरून पडलेलेच नाही. तो आपल्या स्वयंपाकघरातही असतो. वेलदोडा चावल्यावर जिभेवर जो गारवा जाणवतो, त्यात सिनिऑलचा मोठा वाटा आहे.

सिनिऑलच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. त्याचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर देवपूजेची फुले ठेवायची दांडीची परडी आठवावी. परडीची कड म्हणजे सहा कार्बनचे कडे, आणि कड्याच्या एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत गेलेली दांडी म्हणजे एक कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचा पूल. उरलेले तीन कार्बन बाहेरच्या बाजूला गोंड्यांसारखे लटकतात. या परडीची दोन वैशिष्ट्ये पुढे उपयोगी पडणार आहेत. एक म्हणजे ती मधोमध कापली तर दोन अर्धी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. दुसरे म्हणजे तिचे सगळे सांधे पक्के बसलेले आहेत. हवेतल्या ऑक्सिजनला पकडायला सैल जागा तिच्यात जवळजवळ नाही. पायनीन आणि लिमोनीन यांच्यात अशा सैल जागा असतात. त्यामुळे ती संयुगे उघड्या बाटलीत हळूहळू बिघडतात आणि बिघडल्यावर त्वचेला जास्त त्रासदायक ठरतात, तर सिनिऑल जास्त असलेले तेल बराच काळ टिकते.

शुद्ध सिनिऑल सुमारे १७६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि दीड अंशाच्या आसपास गोठतो. हे दोन्ही आकडे पुढे पुन्हा येतील.

एका फाट्यावरून फुटणाऱ्या वाटा

सिनिऑलच हवा असेल तर झाड फक्त तेवढाच का बनवत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पानातल्या एन्झाइममध्ये, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांमध्ये आहे.

मनमाड जंक्शनवर आलेली गाडी मुंबईकडे, भुसावळकडे, दौंडकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे जाऊ शकते. दहा कार्बनची माळ एन्झाइमच्या खोबणीत शिरली की ती दुमडून अशाच एका जंक्शनवर येते. तिथे ती विद्युतभारित आणि अत्यंत अस्थिर अवस्थेत असते, आणि कोणत्या तरी वाटेने तिला ताबडतोब निघावेच लागते. तिने एक हायड्रोजन सोडून दिला तर लिमोनीन होते. ती स्वतःवरच पुन्हा दुमडली तर पायनीन होते. तिने शेजारचा पाण्याचा रेणू पकडला तर टर्पिनिऑल हा लायलॅकच्या फुलासारख्या वासाचा पदार्थ बनतो, आणि त्या पाण्यातून मिळालेल्या ऑक्सिजनने पुढे कड्याच्या दुसऱ्या टोकाला हात घातला की परडीची दांडी बसते आणि सिनिऑल तयार होतो.

सिनिऑल बनवणारे एन्झाइम बहुतेक गाड्या शेवटच्या वाटेवर पाठवते, पण सगळ्या नाही. काही गाड्या इतर फाट्यांवरून निसटतातच. म्हणूनच खऱ्याखुऱ्या निलगिरीच्या तेलात सिनिऑलच्या सोबत पायनीन, लिमोनीन आणि टर्पिनिऑल ही भावंडे नेहमी सापडतात. त्यांची उपस्थिती ही भेसळ नसते. उलट ती नसली तर शंका घ्यावी, हे आपण पुढे पाहू. दुसऱ्या जातीच्या निलगिरीत दुसरे एन्झाइम प्रबळ असते आणि तिथे बहुतेक गाड्या वेगळ्याच वाटेने जातात.

जात बदलली की तेल बदलते

निलगिरी या एका शब्दाखाली आपण किती झाडे कोंबली आहेत, याची कल्पना फार थोड्यांना असते. युकॅलिप्टस या गटात ७०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. भारतात या झाडाची पहिली लागवड टिपू सुलतानाच्या काळात, सुमारे १७९० मध्ये नंदी टेकडीवर झाली असे मानले जाते. निलगिरी पर्वतातल्या उदकमंडलम (उटी) परिसरात १८४३ च्या सुमारास जळणासाठी ‘ब्लू गम’ ही जात लावली गेली, आणि त्या डोंगरांत निघणाऱ्या तेलामुळे झाडालाच आपण डोंगराचे नाव दिले. डोंगराचे नाव मात्र या झाडाच्या आगमनापेक्षा कितीतरी शतकांनी जुने आहे.

या ‘ब्लू गम’चे शास्त्रीय नाव युकॅलिप्टस ग्लोब्युलस. तिच्या तेलात सिनिऑल साधारण ६० ते ८५ टक्के असतो, त्यानंतर पायनीन आणि लिमोनीन येतात, आणि शेवटी अरोमाडेंड्रीन आणि ग्लोब्युलॉल हे पंधरा कार्बनवाले जड पदार्थ थोड्या प्रमाणात असतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्लू मॅली’ या झुडपासारख्या जातीच्या तेलात सिनिऑल ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातो.

माझ्या दुसऱ्या बाटलीसारखा वास देणारे झाड वेगळे आहे. लिंबासारख्या वासाच्या या निलगिरीला पूर्वी युकॅलिप्टस सिट्रिओडोरा म्हणत. १९९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला कोरिंबिया या वेगळ्या गटात हलवले. तिच्या तेलात सिट्रोनेलाल हा पदार्थ साधारण ६५ ते ८० टक्के असतो आणि सिनिऑल नाममात्र. सुगंधी साबण आणि अत्तरे यांच्या धंद्यात हे तेल मोलाचे आहे, पण सर्दीसाठी आणलेल्या बाटलीत हेच असेल तर नाकातला तो थंडावा मिळणार नाही. आणखी एका जातीच्या तेलात जेरॅनिल ॲसिटेट हा गुलाबाच्या अंगाने जाणारा पदार्थ मुख्य असतो, तर दुसऱ्या एकीत गवती चहातले सिट्राल असते.

महाराष्ट्रात रस्त्याकडेला, बांधावर आणि सामाजिक वनीकरणाच्या पट्ट्यांत दिसणारी निलगिरी ही बहुधा ‘म्हैसूर गम’ असते, आणि ती मुख्यतः लाकडासाठी व कागदाच्या लगद्यासाठी लावलेली असते. तिच्या पानांत तेल तुलनेने कमी असते. अशी पाने ओरबाडून पातेल्यात उकळणाऱ्याला वास थोडासा मिळतो, पण बाटलीतल्या तेलाशी त्याची तुलना करणे योग्य नाही.

सारखीच दिसणारी झाडे, निराळी तेले

जात ओळखली की प्रश्न मिटला, असे मात्र नाही, आणि या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग इथेच सुरू होतो.

सिडनीच्या तंत्रविद्या संग्रहालयातील रिचर्ड बेकर आणि हेन्री स्मिथ यांनी शंभराहून अधिक जातींच्या तेलांचा अभ्यास करून १९०२ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेलाच्या घटकांवरून जात ओळखता येईल, अशी त्यांची धारणा होती. पुढे त्याच संग्रहालयातील आर्थर पेनफोल्ड आणि फ्रँक मॉरिसन यांनी १९२७ मध्ये युकॅलिप्टस डाइव्ह्ज या जातीबाबत निराळेच काही दाखवले. एकाच जातीची, डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी झाडे. पण काहींच्या तेलात पुदिन्यासारख्या वासाचे पिपेरिटोन मुख्य, काहींत फेलँड्रीन मुख्य आणि काहींत चक्क सिनिऑल मुख्य. पान, फूल, साल कशावरूनही फरक कळत नाही, तो फक्त तेल काढल्यावर कळतो. अशा प्रकारांना रासायनिक वाण म्हणता येईल. रायवळ आंब्याची दोन झाडे बाहेरून सारखी असूनही एकाचे फळ शेपूसारखे आणि दुसऱ्याचे मधासारखे लागते, तसाच हा प्रकार आहे.

याहून पुढची गोष्ट न्यू साउथ वेल्समधल्या एका मेंढपाळी मुलखात सापडली. तिथल्या ‘यलो बॉक्स’ जातीच्या एका झाडाची बहुतेक पाने भुंगेऱ्यांनी खाऊन फस्त केली होती आणि त्याच झाडाची एक फांदी मात्र हिरवीगार राहिली होती. शास्त्रज्ञांनी दोन्हींची पाने तपासली तेव्हा वाचलेल्या फांदीच्या तेलात सिनिऑलसारखी दहा कार्बनवाली संयुगे कितीतरी जास्त निघाली. ही नोंद १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच बुंध्यावर दोन निराळी तेले असू शकतात, हे त्या फांदीने दाखवले, आणि झाड हा सगळा खटाटोप कशासाठी करते याचेही एक उत्तर दिले. आपल्या सर्दीशी झाडाला काही देणे-घेणे नाही. पाने खाणाऱ्यांपासून बचाव हे या तेलाचे एक मोठे काम आहे.

यात पानाचे वय, ऋतू आणि पाने किती दिवस सुकवली यांचीही भर पडते. म्हणून एकाच मळ्यातल्या तेलाचे आकडेसुद्धा दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात.

भट्टीत काय घडते

तेल काढण्याची रीत मूलतः साधी आहे. मोठ्या भांड्यात पाने भरायची, त्यांतून वाफ सोडायची, ती वाफ थंड नळीतून नेऊन पुन्हा पातळ करायची. खाली पाणी जमते आणि पाण्यापेक्षा हलके असलेले तेल वर तरंगते. व्यापारी पातळीवर हे काम ऑस्ट्रेलियात जोसेफ बोसिस्टो यांनी १८५२ मध्ये सुरू केले. निलगिरी पर्वतातल्या छोट्या भट्ट्यांतही तत्त्व तेच. तेल काढून झालेली पाने वाळवून तीच पुढच्या घाण्याचे जळण म्हणून वापरली जातात.

मघाशी सांगितले की सिनिऑल १७६ अंशांना उकळतो. मग १०० अंशांच्या वाफेत तो बाहेर कसा येतो? उकळणे म्हणजे द्रवाच्या बाष्पाने भोवतालच्या हवेचा दाब पेलणे. एकट्या पाण्याला तो पेलायला १०० अंश लागतात आणि एकट्या सिनिऑलला १७६. परंतु एकमेकांत न मिसळणारे हे दोन द्रव एकाच भांड्यात असले की दोघांचा जोर एकत्र लागतो, जशी एकट्याने न उचलणारी हंडी दोघांनी सहज उचलावी. त्यामुळे मिश्रण १०० अंशांच्याही किंचित खालीच उकळू लागते आणि तेल न करपता बाहेर पडते.

भट्टीतून आलेल्या कच्च्या तेलात सुरुवातीला काही हलके, उग्र पदार्थ असतात, ज्यांच्या वासाने ठसका लागतो. औषधी तेलासाठी ते काढून टाकावे लागतात. त्यासाठी तेल पुन्हा तापवून निरनिराळ्या तापमानाला निघणारे भाग वेगळे करतात. इथे एक अडचण येते: लिमोनीन आणि सिनिऑल यांचे उत्कलनबिंदू जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे नुसते तापवून त्यांना पूर्ण वेगळे करता येत नाही. सिनिऑल थंड करून गोठवता येतो, आणि तो अधिक शुद्ध करण्याचा तो एक मार्ग आहे.

‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिले असेल तर?

‘शुद्ध’ हा शब्द ग्राहकाच्या मनात एक अर्थ घेऊन येतो आणि रसायनशास्त्रात दुसरा. झाडातून निघालेले, काहीही न मिसळलेले निलगिरीचे तेल हे मिश्रणच असते; त्यात ७० टक्के सिनिऑल असेल तर ते ‘७० टक्के शुद्ध’ आहे असे म्हणणे चूक ठरेल. उलट ९९ टक्के सिनिऑल असलेली बाटली शुद्ध सिनिऑलची आहे, पण ती निलगिरीच्या झाडातून आलेली असेलच असे नाही. जागतिक बाजारात चीनमधून येणारा बराच सिनिऑलप्रधान माल कापराच्या झाडाच्या तेलापासून वेगळा काढलेला असतो आणि तो निलगिरीच्या नावाने विकला जातो.

मग ओळखायचे कसे? युरोपीय औषधसंहितेने औषधी निलगिरी तेलात किमान ७० टक्के सिनिऑल हवा असे ठरवले आहे, आणि त्याबरोबर फेलँड्रीन व कापूर किती असू नये याच्याही मर्यादा घातल्या आहेत. कापूर मर्यादेबाहेर निघाला तर तेल कुठल्या झाडाचे याची शंका येते. अरोमाडेंड्रीन आणि ग्लोब्युलॉल सापडले तर ‘ब्लू गम’च्या बाजूने साक्ष मिळते. फेलँड्रीन जास्त असलेली तेले औषधाला चालत नसली तरी टाकाऊ नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत दळलेल्या खनिजातून जस्त आणि शिशाचे कण फेसावर तरंगवून वेगळे करण्यासाठी निलगिरीचे तेल वापरले जाई.

आज हे सगळे वायू-वर्णलेखन या यंत्रपद्धतीने मोजतात. लांबच लांब, केसासारख्या बारीक नळीतून तेलाची वाफ सोडली की प्रत्येक घटक आपापल्या वेगाने धावतो आणि दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. कोण कधी आले आणि किती आले, याची नोंद यंत्र ठेवते. हे यंत्र येण्यापूर्वीची रीत मला फार सुंदर वाटते. सिनिऑल आणि ऑर्थो-क्रेसॉल नावाचे संयुग यांचे रेणू जोडीने स्फटिक बनवतात, आणि शुद्ध सिनिऑलची अशी जोडी ५५.२ अंशांना गोठते. तेलात इतर घटक जितके जास्त, तितका हा गोठणबिंदू खाली उतरतो. तेव्हा ३ ग्रॅम तेलात ठरलेल्या मापाने क्रेसॉल घालायचे, थर्मामीटर बुडवून स्फटिक कधी धरतात ते पाहायचे आणि तक्त्यावरून सिनिऑलची टक्केवारी वाचायची. एक थर्मामीटर आणि एक काचनळी, एवढ्यावर दशकानुदशके व्यापार चालला.

परडीची सममिती इथे आणखी एका परीक्षेत कामी येते. सिनिऑलची दोन्ही अर्धी प्रतिबिंबासारखी असल्यामुळे तो ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाची दिशा फिरवत नाही. पायनीन आणि लिमोनीन मात्र ती फिरवतात. प्रकाश किती फिरला, यावरून सोबतच्या भावंडांबद्दल अंदाज बांधता येतो.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?’

हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यायला हवे. रेणू झाडात बनला की कारखान्यात, हे शरीराला कळत नाही. त्याला मात्रा कळते. चार-पाच पाने उकळलेले पाणी आणि चमचाभर तेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण चमचाभर तेल म्हणजे अर्धा किलो पाने एका घोटात घेतल्यासारखे होऊ शकते. सिनिऑल हलका आणि मेदात विरघळणारा असल्यामुळे रक्तातून मेंदूपर्यंत लवकर पोहोचतो. लहान मुलाच्या पोटात एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल गेले तर गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि त्याहून कमी मात्रेतही मुले अत्यवस्थ झाल्याच्या नोंदी आहेत. गुंगी, उलट्या, बेशुद्धी आणि झटके ही लक्षणे काही मिनिटांतही दिसू शकतात. अशा वेळी मुलाला ओकारी काढायला लावू नये. बाटली बरोबर घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

केवळ पिण्यापुरता हा धोका मर्यादित नाही. निलगिरी आणि कापूर असलेली तेले व मलमे हुंगल्यानंतर किंवा चोळल्यानंतर फिट आल्याचे रुग्ण बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. घरात कोणाला फिट येण्याचा विकार असेल तर ही तेले डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी, छातीशी किंवा टाळूला ती कधीही लावू नयेत.

‘मग वाफ घेतल्यावर मोकळे वाटते ते खोटे का?’

मोकळे वाटते ते खरेच आहे, पण नाक किती मोकळे झाले, हा वेगळा प्रश्न आहे. आपल्या नाकातल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारे संवेदक असतात. खरी थंड हवा आली की ते जागे होतात, आणि मेन्थॉल किंवा सिनिऑल येऊन चिकटला तरी जागे होतात. मेंदूला वाटते, थंड हवा भरपूर आत येते आहे. मेन्थॉलवर झालेल्या प्रयोगांत नाकातून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली तेव्हा तिच्यात म्हणावा तसा फरक आढळला नाही, तरी लोकांना श्वास सुटल्यासारखे वाटले. सर्दीने बेजार झालेल्या माणसाला रात्री झोप लागावी, एवढा दिलासा मिळाला तरी त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. मात्र त्याने विषाणू मरतो, असे समजून औषध टाळणे चूक आहे.

सिनिऑलवर गंभीरपणे कामही झालेले आहे. जर्मनीत दमट खोकला आणि धाप यांच्या जुनाट विकाराचे २४२ रुग्ण घेऊन झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या औषधांच्या जोडीला २०० मिलिग्रॅम सिनिऑलच्या कॅप्सूल दिवसातून ३ वेळा, ६ महिने दिल्या, आणि त्या गटात आजार उफाळण्याचे प्रमाण कमी राहिले. हा निष्कर्ष मोजलेल्या मात्रेच्या, आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलचा आणि डॉक्टरांच्या देखरेखीचा आहे. घरातल्या बाटलीतले तेल चमच्याने पिण्याला त्यातून कोणताही आधार मिळत नाही.

‘आणि डास?’

इथे दोन बाटल्यांतला फरक सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो. डासांविरुद्ध निलगिरी चालते, ही बातमी खरी आहे, पण ती लिंबाच्या वासाच्या निलगिरीची आहे आणि तिच्याही कच्च्या तेलाची नाही. त्या तेलातले सिट्रोनेलाल आम्लाच्या साहाय्याने बदलून पीएमडी या संक्षिप्त नावाचे संयुग तयार करतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ मध्ये डासप्रतिबंधकांच्या आपल्या शिफारशींत ज्याचा समावेश केला, ते हे पीएमडीयुक्त तेल. नैसर्गिक तेलात पीएमडी अगदी थोडे असते. नुसते सिट्रोनेलाल लवकर उडून जाते, त्यामुळे कच्चे तेल अंगाला चोळून डासांपासून तासन्‌तास संरक्षण मिळेल अशी आशा ठेवू नये. ३ वर्षांखालच्या मुलांना पीएमडी लावू नये, अशीही सूचना आहे. आणि सर्दीसाठी आणलेले सिनिऑलप्रधान तेल डासांसाठी चोळणे, हा तर निव्वळ नावाच्या सारखेपणातून होणारा घोटाळा आहे.

बाटली घेताना म्हणून तीन गोष्टी शोधाव्यात: झाडाचे पूर्ण शास्त्रीय नाव, मुख्य घटक आणि त्याची टक्केवारी, आणि तेल कशासाठी आहे हा उल्लेख. माझ्या पहिल्या बाटलीवर युकॅलिप्टस ग्लोब्युलस हे नाव आणि सिनिऑलचे प्रमाण बारीक अक्षरांत का होईना, छापलेले आहे. दुसरीवर पानाचे मोठे चित्र, ‘शंभर टक्के शुद्ध’ आणि ‘सर्दी, डास, सांधेदुखी, केस’ एवढेच आहे. ती मी दुकानात परत नेऊन शास्त्रीय नाव विचारणार आहे. ते कळेपर्यंत तिचे झाकण घट्ट लावून ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवली आहे.